नऊ महिने डायरेक्ट ड्राइव्ह: जोर उतरवला आणि टायर कळू लागला

मागच्या चवथीनंतर, सप्टेंबर संपता संपता, कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमसाठी साडेपाच न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस घेतला, म्हणजे ज्याच्या मोटरवर स्टिअरिंग थेट बसतं तो. आता जून लागलाय. या नऊ महिन्यांत आठवड्याला सात-आठ तास तरी स्टिअरिंग हातात असतं आणि दर गुरुवारी रात्री आमच्या ग्रुपची ऑनलाइन शर्यत असते. त्यात सावंतवाडीचे दोघे, बेळगावचा एक, पुण्याचे चार-पाच आणि डिचोलीतून मी. बेस कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण पुढचं सगळं कुठल्याही बेसला लागू पडतं. सेटिंगच्या स्लायडरची नावं तेवढी प्रत्येकाच्या सॉफ्टवेअरमध्ये निराळी असतात.

याआधी तीन वर्षं गिअरवालं व्हील वापरलं. त्या जातीच्या व्हीलची ताकद जेमतेम दोन-सव्वादोन न्यूटन-मीटर. साडेपाच म्हणजे किती, हे अंगाला कळेल असं सांगतो: तीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या रिमवर पूर्ण जोर आला की हाताला साधारण पावणेचार किलोचा ओढा लागतो. पहिल्या दिवशी तो ओढा इतका आवडला की बेसचा स्लायडर 100 वर आणि गेममधला गेनही (गेम बेसकडे जो जोर पाठवतो त्याचं प्रमाण) 100 वर ठेवून मी जवळजवळ दोन महिने चालवत राहिलो. गाडी अवजड वाटायची, हात दुखायचे, आणि मला वाटायचं, खरी रेसिंग कार अशीच असणार.

ते चुकीचं होतं. का चुकीचं, ते नीट सांगतो, कारण नवीन बेस घेणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

गाडी वळते तेव्हा पुढच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग मुरगळतो. बाजूने लागणारा जोर चाकाच्या बरोब्बर मध्यावर पडत नाही, थोडा मागे पडतो. तेवढ्या अंतराची एक तरफ तयार होते आणि ती चाकाला सरळ करायला बघते. आपल्या हाताला जो जडपणा लागतो त्यातला मोठा भाग या तरफेचा. उरलेला सस्पेन्शनच्या कोनातून येतो. आता यातली गंमत अशी की टायर पकडीच्या टोकाकडे जाऊ लागला की ही तरफ आखूड होत जाते, आणि ती पकड संपण्याच्या आधीच आखूड व्हायला लागते. म्हणजे पुढचा टायर घसरण्यापूर्वी स्टिअरिंग किंचित हलकं होतं. फोर्स फीडबॅकमधून, म्हणजे बेस हाताला जो जोर देतो त्यातून, मिळणारी सगळ्यात मोलाची खबर हीच. कर्बचे (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांचे) धक्के, इंजिनाची थरथर वगैरे सगळं तिच्या मागून.

गेन 100 वर असताना ही खबर माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हती. समजा, लांब वळणात गेमच्या हिशोबाने जोर 130 निघाला. बेसकडे 100 च्या वर काही जात नाही. टायर सुटू लागला, जोर 130 वरून 110 वर उतरला, तरी माझ्या हाताला आधीही 100 आणि नंतरही 100. याला क्लिपिंग म्हणतात. जो वीसचा फरक मला सांगणार होता की बाबा, आता हात थोडा सोड, तो मधल्यामध्ये कापला जायचा. मला जाग यायची ती गाडी वाळूत शिरताना.

एक गोष्ट मला उशिरा उमगली: बेसचा स्लायडर कमी करून क्लिपिंग जात नाही. आमच्या देवळात भजनाला माइक लावायचं काम माझ्याकडे असतं. मिक्सरवर गेन जास्त झाला की पखवाजाची थाप फाटते. मग स्पीकरचा आवाज कितीही कमी करा, फाटलेली थाप हळू आवाजात फाटलेलीच ऐकू येते. इथेही तसंच. गेममधला गेन म्हणजे मिक्सर आणि बेसचा स्लायडर म्हणजे स्पीकर. आधी गेममध्ये सिग्नल फाटणार नाही एवढं बघायचं, मग बेसवर आपल्या हाताला झेपेल तेवढा जोर ठेवायचा. माझा बेस लहान आहे, म्हणून तो 100 वरच ठेवलाय आणि सगळी कमीजास्ती गेमच्या गेनमध्ये करतो.

आसेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये हे करणं सोपं आहे. 2014 चा गेम, पण फोर्स फीडबॅक शिकायला मला अजून तोच सगळ्यांत चांगला वाटतो. पेडल्स नावाचं छोटं अॅप स्क्रीनवर ठेवायचं. त्यात क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटरच्या शेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते, ती राखाडीची लाल झाली की क्लिपिंग. गाडी चालवता चालवता नमपॅडवरच्या अधिक-उण्याने त्या गाडीपुरता गेन बदलता येतो. मी नोव्हेंबरात एक अख्खी रात्र गेममधल्या मोंझा या इटलीच्या ट्रॅकवर काढली. शेवटचं लांब उजवं वळण, पॅराबोलिका (2021 पासून ते मिकेले आल्बोरेतोच्या नावाने आहे), तिथे पट्टी सलग दीड-दोन सेकंद लाल. दोन-दोन टक्क्यांनी उतरवत गेलो. 80 वर अजून लाल, 70 वर मधूनमधून. 64 वर पट्टी वळणभर वरच्या टोकापाशी हलत राहिली आणि फक्त बाहेरच्या कर्बवर चाक आपटलं तेव्हा क्षणभर लाल झाली. तेवढं चालतं. कर्बचा एखादा धक्का कापला गेला तरी काही बिघडत नाही, लांब वळणातला जोर कापला जाता कामा नये.

आणि 64 वरच्या तिसऱ्या का चौथ्या फेरीत ते झालं. वळणाच्या मध्यावर मी नेहमीसारखं स्टिअरिंग अजून थोडं वळवलं, तर ते जड व्हायच्या ऐवजी बोटांखाली मऊ पडलं. लोण्यात सुरी जावी तसं. मी न ठरवताच हात एक बोटभर मागे घेतला, पुढच्या टायरने परत पकड धरली आणि गाडी आत वळली. मी तिथेच बाजूला थांबलो.

ही जाणीव मला ओळखीची होती. बाबांकडे जुनी मारुती 800 होती, पॉवर स्टिअरिंग नसलेली. पावसात चोर्ला घाटातून बेळगावला जाताना दरडीची लाल माती रस्त्यावर वाहून आलेली असते, त्यावर पुढची चाकं गेली की स्टिअरिंग असंच मऊ व्हायचं. शेजारी बसून बाबा म्हणायचे, "आवळून धरू नको रे, हलकं धर, म्हणजे कळतं तुला." ते वाक्य मी वीस वर्षांनी मोंझावर वापरलं.

वेळेचं म्हणाल तर माझी सर्वोत्तम फेरी सेकंदाच्या फक्त दोन दशांशाने सुधारली. पण आधी वीस फेऱ्यांत माझ्या वेळा सव्वा सेकंदाने वर-खाली व्हायच्या, त्या आता अर्ध्या सेकंदात बसतात. ऑनलाइन शर्यतीत याची किंमत सर्वोत्तम फेरीपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय चाळीस मिनिटांनंतर खांदे भरून येत नाहीत, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत मागून कोणी दबाव टाकला तरी डोकं जागेवर असतं.

बाकीचे स्लायडर थोडक्यात. मिनिमम फोर्स, म्हणजे बारीक जोराला दिलेली किमान पातळी, डायरेक्ट ड्राइव्हवर शून्य. गिअर किंवा बेल्टच्या व्हीलमध्ये आतलं घर्षण बारीक जोर गिळून टाकतं, म्हणून तिथे तो द्यावा लागतो. मी जुन्या सवयीने 8 टक्के ठेवला होता आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्याभोवती थरथरायचं. गिअरवालं व्हील वापरणाऱ्यांनी व्हीलचेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवून आपल्या व्हीलचा आलेख काढावा आणि त्यावरून एलयूटी फाइल (व्हीलच्या जोरातली तफावत भरून काढणारा तक्ता) करून आसेटो कोर्सामध्ये टाकावी. मी जुन्या व्हीलवर ते केलं होतं, स्टिअरिंगच्या मध्याजवळचा, जोर न लागणारा मेलेला भाग जवळजवळ गेला. कर्ब, रोड आणि स्लिप इफेक्ट मी शून्यावर आणले. ते वरून मिसळलेले असतात, टायरच्या हिशोबातून आलेले नसतात. जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकच्या कारुसेल या वळणातले काँक्रीटचे सांधे त्यांच्याशिवायही एकेक करून हाताला लागतात. आसेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या पुढच्या गेममध्ये मात्र रोड इफेक्ट थोडा ठेवतो, तिथे मला बरा वाटतो.

डॅम्पिंगबद्दल, म्हणजे स्टिअरिंगच्या हालचालीला बेस जो अडसर देतो त्याबद्दल, माझं मत तीनदा बदललं. शून्यावर ठेवलं की सगळं स्वच्छ कळतं, पण सरळ रस्त्यावर हात सैल सोडले तर स्टिअरिंग झोके घेतं आणि ते झोके वाढत जातात. 30 वर ठेवलं तर झोके गेले, पण गाडीचं मागचं टोक सुटल्यावर स्टिअरिंगने आपणहून उलटं फिरायला हवं, ते आळसावलं. सध्या 12 वर आहे. मागून सुटलेली गाडी सावरायला स्टिअरिंग चपळ हवं, यावर मी आता ठाम आहे.

आयरेसिंग हा दुसरा गेम खेळणाऱ्यांसाठी एकच: तिथे मॅक्स फोर्सचा आकडा वाढवला की व्हील हलकं होतं, उलट नाही. चार-पाच फेऱ्या जीव लावून मारायच्या आणि मग ऑटो बटण दाबायचं. ते त्या गाडीपुरता न कापला जाणारा आकडा काढून देतं. मी त्यात माझ्या हाताप्रमाणे फक्त थोडा बदल करतो.

ऑनलाइनचा एक गैरसमज ग्रुपमध्ये वारंवार निघतो. पिंग (नेटवरचा विलंब) वाढला म्हणून फोर्स फीडबॅक बिघडत नाही. आपल्या गाडीचा टायर आपल्याच कॉम्प्युटरवर मोजला जातो, नेटवरून येतात त्या इतरांच्या गाड्यांच्या जागा. पिंग खराब असला तर शेजारची गाडी उडी मारते आणि न लागताही धक्का बसतो, तो भाग निराळा. पण सुरुवातीलाच बावीस गाड्या एकत्र दिसतात तेव्हा प्रोसेसरवर ताण येतो, आसेटो कोर्सा तसा इशाराही स्क्रीनवर देतं, आणि मग स्टिअरिंग खडबडीत लागतं. बेळगावच्या मित्राने याच कारणाने दोन महिने बेसला दोष दिला होता. दिसणाऱ्या गाड्यांची संख्या आणि आरशांची प्रत कमी केल्यावर त्याचं व्हील गुळगुळीत झालं.

आता आपल्या हवेचं. मे महिन्यात माझ्या खोलीत दुपारी चौतीस अंश असतात. तासाभराने बेस हाताला चटका देईल इतका तापतो आणि जोर थोडा उतरल्यासारखा वाटतो. बाजूला एक टेबल फॅन लावला, पुरतो. दमटपणाने रिगचे (बेस आणि पेडलं बसवायच्या चौकटीचे) साधे बोल्ट गेल्याच पावसाळ्यात गंजले होते, ते काढून स्टेनलेसचे घातले. दर पंधरा दिवसांनी अॅलन की घेऊन सगळे आवळतो, कारण ढिला बोल्ट बारीक थरथर खातो. आधी बेस टेबलाला क्लॅम्पने लावला होता, तेव्हा टेबल तीन-चार मिलिमीटर डोलायचं आणि मी सेटिंगमध्ये दोष शोधत बसायचो. गावातल्या मेस्ताने फणसाच्या जाड फळीची बैठक करून दिली, लोखंडी चौकटीवर. बेस बदलल्यानंतर जाणवलेला सगळ्यात मोठा फरक या फळीचा.

वीज हा इथला खरा प्रश्न. पहिल्या पावसात आमच्याकडे दिवे जातातच. गेल्या आठवड्यात स्पा या बेल्जियमच्या ट्रॅकवर ओ रूजचा चढ चढताना वीज गेली, स्टिअरिंग एका क्षणात निर्जीव झालं. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, बेस नव्हता. गाडी आडवी झाली आणि मागचे दोघे येऊन आदळले. त्यात सावंतवाडीच्या मित्राची आघाडी गेली, त्याची माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी बेस आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घेतले. ऑनलाइन शर्यत लावणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, आपल्यासाठी नाही तर मागून येणाऱ्यांसाठी.

अंगठ्याचंही सांगतो. जानेवारीत मोंझाच्या पहिल्या शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट वळणांत) एकाने बाजूने ठोकलं, रिम झटक्यात फिरली आणि माझा अंगठा आरीच्या आत होता. आठवडाभर सुजला होता. साडेपाच न्यूटन-मीटरला एवढं होतं, तर नऊ-बाराच्या बेसवाल्यांनी विचार करावा. अंगठे रिमच्या वर ठेवायचे, आत गुंडाळायचे नाहीत, आणि भिंत समोर दिसली की हात सोडायचे.

पुढचा मोठा बेस घ्यायचा का, असं दोघांनी विचारलं. मला आत्ता गरज वाटत नाही. जास्त ताकदीचा फायदा एवढाच की जोर न कापता तो हाताला जास्त मोठा लागेल, बारकावे उठून दिसतील. पण 64 वर मला हवं ते ऐकू येतंय. त्या पैशांतून लोड सेलचा ब्रेक घेणार आहे, म्हणजे पेडल किती खाली गेलं ते नाही तर पायाचा दाब मोजणारा.

भाचा सुट्टीत आलाय, बारा वर्षांचा. त्याच्यासाठी बेसवर वेगळं प्रोफाइल केलंय, जोर 35 वर. काल दुपारी मी मागे उभा होतो. तिसऱ्या फेरीत तो थांबला आणि म्हणाला, "मामा, इथे स्टिअरिंग मधेच ढिलं का होतं?" मी त्याला म्हटलं, तिथेच परत एकदा जा आणि या वेळी हात थोडा मागे घेऊन बघ.