बाळंतिणीसाठी घरी येणारी नर्स: सिस्टर भारी, ऑफिसचा आनंदीआनंद

माहेरी धायरीला आहे, बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा कुठे टाईप करायला हात मोकळा मिळाला. डिस्चार्जनंतर घरी नर्स पाठवतात ते पाच व्हिजिटचं पॅकेज घेतलेलं, साडेचार हजार, नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी अकराची वेळ देऊन सिस्टर पावणेदोनला. सिंहगड रोडचं ट्रॅफिक मान्य, पण ऑफिसातून एक फोन नको का करायला?

सिस्टरनी आल्या आल्या हात धुतले, मला पाजायला सांगितलं आणि नुसत्या बघत बसल्या. बाळ फक्त निप्पलच ओढत होतं म्हणून मला भेगा पडलेल्या, डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांनी मांडीवर उशी दिली, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, तोंड आ करून मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग काळा भाग जास्तीत जास्त आत जाईल असं जवळ घ्यायचं, हे चार वेळा करून घेतलं. दवाखान्यात तीन दिवस नुसतं 'जमेल हो' ऐकलेलं.

वजन 2.9 वरून 2.7 झालेलं, आई लगेच पावडर आणायला निघाली. सिस्टर म्हणाल्या काकू थांबा, सुरुवातीला उतरतंच थोडं, डायपर काढा आणि लंगोट मोजा, 24 तासांत सहा-सात ओले झाले की दूध पुरतंय. चौदाव्या दिवशी काटा 2.95! आजीने सहाण, वेखंड सगळं काढून ठेवलेलं, तिला सांगितलं सहा महिने गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. आजी दोन दिवस माझ्याशीच बोलली नाही, सिस्टरना मात्र अळिवाचा लाडू.

मधे तिसऱ्या व्हिजिटला भलतीच मुलगी आली, काटा विसरून, आणि अर्धा वेळ मालिशचं पॅकेज विकत बसली.

आमच्या कामवाल्या मावशींच्या सुनेकडे वस्तीत आशाताई फुकट येतात हे मला नंतर कळलं, दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, वजन ताप सगळं बघतात. ही पद्धत मुळात आपल्या गडचिरोलीतली, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून सुरू केलेली, 2011 पासून देशभर आशांकडे आली. तुमच्या भागात येतात का आधी विचारा.

पॅकेज घेतलंच तर शेवटपर्यंत एकच सिस्टर हवी असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. माझी पाचवी व्हिजिट अजून बाकी आहे, रोज 'मॅडम कॉल बॅक करतो' चालू आहे.