वाढदिवसाचं जेवण: मोठा हॉल, बुफे की वेगळी खोली?

दहा ते वीस माणसांचा वाढदिवस बाहेर साजरा करायचा ठरला की चर्चा सुरू होते ती कुठलं जेवण जास्त चांगलं यावरून. यादीत शेवटी उरलेल्या तीन-चार ठिकाणांचं जेवण बहुधा चांगलंच असतं. संध्याकाळ कशी जाईल हे ठरतं ते बसायची आणि वाढायची व्यवस्था कशी आहे त्यावर. व्यवस्था मुख्यतः तीन: मोठ्या हॉलमध्ये टेबलं जोडून मेनूवरून ऑर्डर, बुफे, किंवा वेगळ्या खोलीत आधी ठरवलेला छोटा मेनू. मी यातून निवड केलेली आहे आणि माझा कल लपणार नाही, पण तिन्हींना आपापली जागा आहे. भाव, पार्किंग आणि रेटिंग तुम्ही पाहिलेलंच असेल, म्हणून ते सोडून देतो.

बुफेचा विषय आधी घेतो, कारण तो लवकर संपतो. किती जण येणार हे आदल्या दिवसापर्यंत नक्की होत नसेल, किंवा खाण्याच्या आवडी चार दिशांना असतील, तर बुफेसारखी सोय नाही. माणशी दर ठरलेला असतो आणि लहान मुलांना ताटकळत बसावं लागत नाही. पण बुफेत टेबल कधीच पूर्ण भरलेलं दिसत नाही. पंधरांपैकी चार-पाच जण सतत उठलेले असतात, आणि गप्पा जमतायत असं वाटतं तोवर समोरचा माणूस ताट घेऊन निघतो. चालताना आधार लागणाऱ्यांना ताट दुसऱ्याने आणून द्यावं लागतं आणि ते संकोचाने दुसऱ्यांदा काही मागत नाहीत. पाहुण्यांपैकी कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर बुफे टाळाच असं मी म्हणेन. भांड्यांवरची नावं अचूक असली तरी एका भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात जातोच, आणि तो कोणी टाकला हे कोणालाच कळत नाही. तरीही बुफेच घेणार असाल तर एक गोष्ट विचारा: दीड-दोन तासांची मुदत कधीपासून मोजतात, बुकिंगच्या वेळेपासून की सगळे बसल्यापासून?

आता खरी तुलना, हॉल की खोली.

हॉलच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. रेस्टॉरंटचा माहोल तिथेच असतो. आयत्या वेळी दोन माणसं वाढली तर दोन खुर्च्या सरकवता येतात, कमी झाली तर कोणी भरपाई मागत नाही. किमान बिलाची अट सहसा नसते. सहा-आठ मित्रांचा वाढदिवस असेल तर हॉलच बरा, याबद्दल मला फारशी शंका नाही.

माणसं दहाच्या पुढे गेली की पहिली अडचण किचनमध्ये येते. चौदा जणांनी चौदा वेगळ्या गोष्टी मागवल्या की त्या तीन-चार विभागांत वाटल्या जातात. काही पदार्थ आठ मिनिटांत होतात, काहींना पंचवीस लागतात. किचनपुढे दोनच मार्ग उरतात: लवकर झालेले पदार्थ गरम दिव्याखाली थांबवून ठेवायचे, म्हणजे ते सुकतात, किंवा जसे होतील तसे पाठवायचे, म्हणजे निम्मे जेवतात आणि निम्मे बघत बसतात. गर्दीच्या वेळी तर एवढी एकच ऑर्डर म्हणजे दोन-दोन माणसांची सात टेबलं एकाच क्षणी बसल्यासारखं होतं. वेटरला दोष देऊन उपयोग नाही. यावर उपाय आहे. दोन-तीन दिवस आधी मेनू मागवून प्रत्येक टप्प्याला दोन किंवा तीनच पर्याय ठेवायचे आणि कोणाला काय हवं त्याची यादी आदल्या दिवशी रेस्टॉरंटला द्यायची. मधे ठेवून वाटून खायचे पदार्थ असतील तर दर चार माणसांमागे प्रत्येक पदार्थाची एक डिश सांगायची. चौदा जणांत दोनच डिश ठेवल्या तर त्या मधल्या सहा जणांत संपतात आणि टोकाच्या लोकांच्या तोंडाला पानं पुसली जातात.

म्हणजे जेवणाची अडचण हॉलमध्येही सोडवता येते. माझ्यापुरता निकाल लावला तो दुसऱ्याच एका त्रासाने, गोंगाटाने. तो सोडवायला हॉलमध्ये आपल्या हातात जवळजवळ काहीच नसतं.

जरा हिशेब करून पाहा. जेवताना माणसाला साधारण ६० सेंटीमीटर रुंदी लागते. चौदा जण दोन बाजूंना सात-सात बसवले तर टेबल सव्वाचार मीटरच्या आसपास लांब होतं. साधं बोलणं एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतं आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलने उतरतं. म्हणजे टेबलाच्या एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पन्नाशीच्या आसपास येतं. भरलेल्या हॉलमध्ये ७० ते ८० डेसिबलचा कलकलाट ही काही विशेष गोष्ट नाही. टोकाला बसलेल्या माणसाला तुमचं वाक्य ऐकू येणं शक्यच नसतं. चौदा जणांचं टेबल चार-चार जणांच्या तीन-साडेतीन टेबलांत फुटतं, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला त्यातल्या एकाच तुकड्याची सोबत मिळते.

त्यात गोंगाट स्वतःला वाढवत नेतो. फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं होतं की आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एक टेबल मोठ्याने बोलू लागलं की शेजारचं त्याहून मोठ्याने बोलतं, मग संगीताचा आवाज कमी पडतो म्हणून कोणीतरी तोही वाढवतं. संध्याकाळी सात वाजता शांत वाटलेला हॉल नऊला कान किटवतो तो यामुळे. सध्याच्या सजावटीत उघडं काँक्रीट, काच, लाकडी किंवा फरशीची जमीन आणि कापड नसलेल्या खुर्च्या असतात. यातलं काहीच आवाज फारसा शोषत नाही, तो नुसता घुमत राहतो.

सर्वांत जास्त त्रास होतो तो वयस्कर पाहुण्यांना. वयाबरोबर ऐकणं कमी होताना आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्या उंच पट्टीवरच असते. म्हणून ‘ऐकू येतं, पण काय म्हणालात ते कळत नाही’ ही त्यांची तक्रार अगदी खरी असते. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण गोंगाटातून नेमकं बोलणं वेगळं काढणं त्यालाही जड जातं. अशा वेळी आजी-आजोबा हसून मान डोलावतात आणि गप्प होतात. वाढदिवस त्यांचाच असेल तर त्या संध्याकाळीला काय अर्थ उरला? अर्धा तास घसा ताणून बोलल्यावर तरुण मंडळीही फोन बाहेर काढतात. चव एखाद्या दिवशी थोडी इकडेतिकडे झाली तर चालतं. बोलताच आलं नाही तर एकत्र जमण्याचं कारणच संपतं. निदान मला तरी तसं वाटतं.

वेगळ्या खोलीत हा प्रश्न बराच सुटतो, कारण गोंगाट फक्त आपला असतो. मात्र ‘प्रायव्हेट डायनिंग’ या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात: चार भिंती आणि दार असलेली खोली, सरकतं पार्टिशन लावून तोडलेला हॉलचा भाग, आणि नुसता पडदा. पडदा आवाज अडवत नाही. सरकतं पार्टिशन थोडा अडवतं, पण पलीकडे दुसऱ्या कोणाचा समारंभ असेल तर त्यांचा माइक तुमच्या टेबलावर बसल्यासारखा वाटतो. बुक करताना ‘त्या संध्याकाळी पार्टिशनपलीकडे काय आहे?’ असं स्पष्ट विचारा. उत्तर गोलमाल आलं तर पलीकडे समारंभ आहे असंच धरा.

खरी खोली असली तरी ती पाहिल्याशिवाय घेऊ नका. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. आवाज लगेच मेला तर उत्तम. मागे धातूसारखी झणझण राहिली तर वीस माणसांत ती खोली हॉलहूनही वाईट होईल. जमिनीवर गालिचा, जाड पडदे, गादीच्या खुर्च्या किंवा छताला कापडी पॅनेल असली तर काळजी नाही. मग छतातला स्पीकर शोधा आणि त्याचा आवाज खोलीपुरता कमी करता येतो का ते करूनच दाखवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी सगळ्या स्पीकरना एकच नियंत्रण असतं, ‘करून देऊ’ म्हणतात आणि ऐन वेळी जमत नाही. ही पाहणी दुपारी करू नका. ज्या वारी आणि ज्या वेळी तुमचा कार्यक्रम आहे, आदल्या आठवड्यात त्याच वारी त्याच वेळी जा.

खोलीचे स्वतःचे तोटेही आहेत. किमान बिलाची अट असते, आणि त्या रकमेत कर आणि सर्व्हिस चार्ज धरतात की नाही यावर बराच फरक पडतो. दहा जणांच्या आत असाल तर ती रक्कम गाठायला नको ते पदार्थ मागवावे लागतात. माणसांचा अंतिम आकडा एक-दोन दिवस आधी मागतात, आणि नंतर कमी झाले तरी तेवढ्यांचेच पैसे लागतात. म्हणून ‘बघतो’ म्हणणाऱ्यांना आकड्यात धरू नका. दोन जण वाढले तर बहुतेक वेळा सामावून घेतात. आणखी एक त्रास म्हणजे दार बंद झालं की वेटर विसरतो. पंधरा-वीस जणांमागे निदान एक माणूस फक्त याच खोलीसाठी असेल हे कबूल करून घ्या आणि पोहोचल्यावर त्याचं नाव विचारून ठेवा. हे सगळं फोनवर ठरवून नंतर मेसेजमध्ये लिहून पाठवा. फोन घेणारा आणि त्या दिवशी ड्युटीवर असणारा माणूस बहुधा वेगळा असतो.

टेबलाच्या आकारावर मात्र थोडी घासाघीस कराच. गोल टेबलाला १५० सेंटीमीटर व्यास आठ जणांना पुरतो, १८० चा दहांना. त्याहून मोठं गोल टेबल घेऊ नये, कारण समोरासमोरचं अंतर पुन्हा वाढतं. चौदा जण असतील तर एका लांब टेबलापेक्षा सात-सातची दोन गोल टेबलं केव्हाही चांगली. एक खुर्ची जास्तीची ठेवायची आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याने मुख्य जेवणानंतर दुसऱ्या टेबलावर जायचं. लांब टेबलच मिळालं तर त्याला मधे बसवा, टोकाला नाही. ऐकायला कमी येणाऱ्यांना कोपऱ्यात आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसवा. ओठ दिसले की बोलणं कळायला सोपं जातं.

केक बाहेरून आणणार असाल तर तो चालतो का आणि कापून वाढण्याचे वेगळे पैसे लागतात का, हे आधी विचारायचं. खोक्याचं माप कळवायचं, कारण भरलेल्या फ्रीजमध्ये उंच खोकं जातच नाही, आणि क्रीमचा केक दोन तासांहून जास्त बाहेर राहता कामा नये. दहा-बारा जणांना एक किलो पुरतो. कापून वाढायला दहा-पंधरा मिनिटं जातात, त्यामुळे मुख्य जेवणाची ताटं उचलली जाऊ लागली की लगेच इशारा करायचा. जेवणाआधी केक आणला की स्टार्टर गार होतात आणि भूक मरते. एसीचा झोत मेणबत्त्यांवर येत नाही ना, हे केक ठेवण्याआधी पाहा. ठिणग्या उडवणाऱ्या फुलबाज्यांना परवानगी आहे का तेही विचारा, छतात धूर ओळखणारं यंत्र असतं. हॉलमध्ये कर्मचारी टाळ्या वाजवत गाणं म्हणायला येतात. ज्याला हे आवडत नाही त्याच्यासाठी बुकिंग करतानाच नको म्हणून सांगता येतं, पण खोलीत तो प्रश्नच फारसा येत नाही.

आता तुमचं काय? आठ जणांपर्यंत असाल, सगळे तरुण असाल आणि उत्साह हवा असेल तर हॉल घ्या आणि माझं म्हणणं बाजूला ठेवा. आकडा शेवटपर्यंत हलणार असेल तर बुफे. दहाच्या पुढे असाल आणि त्यात एक जरी माणूस साठीच्या पुढचा असेल, तर मी थोडं दुय्यम जेवण असलेलं पण दार लागणाऱ्या खोलीचं ठिकाण निवडेन. खोली मिळालीच नाही तर त्याच रेस्टॉरंटमध्ये उघडल्या उघडल्या पहिली वेळ घ्या, स्पीकर, किचनचं दार आणि बार या तिन्हींपासून लांबचा कोपरा नावानिशी मागा, आणि टेबल किती वाजेपर्यंत तुमचं आहे ते विचारा. पहिला तास-दीड तास हॉल शांत असतो. मुख्य गप्पा आणि केक त्यातच उरकून घ्या.