पॅरामाटा लाइट रेल: आईला सिडनीत एकटीला फिरता यायला लागलं

आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलीय, दोन्ही गुडघे दुखतात, बसची पायरी म्हटली की तिच्या पोटात गोळा येतो, त्यामुळे आम्ही ऑफिसला गेलो की ती दिवसभर घरातच. आता मात्र वेस्टमीडच्या स्टॉपवरून एकटी लाइट रेल, म्हणजे ट्राम, पकडते आणि पॅरामाटातल्या चर्च स्ट्रीटला जाऊन भाजी घेऊन येते. पहिल्या दिवशी चढताना मी हात धरायला गेले तर म्हणाली, "अगं सोड, इथे उंबरठासुद्धा नाहीये." खरंच नाहीये, फलाट आणि गाडीची जमीन एका पातळीत, काठी टेकली की आत.

२० डिसेंबर २०२४ ला सुरू झालेली ही एल-४ लाइन, वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड १२ किमी, १६ स्टॉप. वीकडेला सकाळी सात ते संध्याकाळी सात दर साडेसात मिनिटांनी गाडी, त्यामुळे टाइमटेबल बघायची सवयच सुटली. गाडी ४५ मीटर लांब, आत भरपूर मोकळी जागा, बाबागाडी, व्हीलचेअर सगळं मावतं.

मला सगळ्यात आवडतो तो चर्च स्ट्रीटचा पट्टा. तिथे वर तारा नाहीत, गाडी बॅटरीवर चालते, दोन्ही बाजूंना हॉटेलांची टेबलं आणि मधून ही हळूच घंटा वाजवत जाते. कार्लिंगफर्डकडचा भाग जुन्या रेल्वेच्या वाटेवरून जातो, ती ट्रेन जानेवारी २०२० मध्ये बंद झाली होती, तिकडच्या लोकांना ही सोय परत मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. आणि वाटेत बेनॉ ओव्हल नावाचा स्टॉप लागतो, क्रिकेटपटू रिची बेनॉच्या नावाचा, आईने त्या पाटीचा फोटो काढून लगेच बाबांना पाठवला कारण ते पक्के क्रिकेटवेडे.

आता खरं सांगते, घाईत असाल तर ही तुमच्यासाठी नाही. वेस्टमीडहून पॅरामाटा ट्रेनने एकच स्टेशन आहे, ट्राम हॉस्पिटल आणि नॉर्थ पॅरामाटाला वळसा घालून जाते, मी स्वतः ऑफिसला ट्रेननेच जाते. पण हॉस्पिटलात अपॉइंटमेंट असेल किंवा सोबत म्हातारं माणूस, लहान मूल असेल तर दुसरा विचारच करू नका.

नवीन आलेल्यांसाठी एक, ओपल कार्डाचं (इथलं बस-ट्रेन-ट्रामचं तिकीट कार्ड) मशीन गाडीत नसतं, फलाटावर असतं. चढायच्या आधी टॅप आणि उतरल्यावर परत टॅप, विसरलात तर जास्तीचं भाडं कापतात. आईला मी पहिले चार दिवस रोज फोन करून "टॅप केलंस का गं?" विचारायचे, आता तीच मला विचारते. आणि हॅरिस पार्कला चाट खायला किंवा किराणा आणायला जायचं असेल तर रॉबिन थॉमस स्टॉपला उतरा, तिथून चालत जाता येतं.