तीन कप्प्यांचा कचऱ्याचा डबा: डबा घ्या, वरचं स्टिकर काढून टाका

ओला, कागद आणि बाटल्या-डबे असे तीन कप्पे असलेला पेडलवाला डबा बरेच दिवस वापरतोय. डबा मस्त आहे, पण त्यावरचं स्टिकर बोगस आहे.

तिन्ही कप्पे एकाच जागी, पायाने झाकण उघडतं, त्यामुळे हात खरकटे असले तरी वस्तू बरोबर जागी जाते. कागदाला लांबट फट, बाटल्यांना गोल भोक, म्हणजे हातात वस्तू घेऊन विचार करत उभं राहायला नको. घरात ज्यांना पर्यावरणाशी काही देणंघेणं नाही तेही न सांगता कागद कागदात टाकायला लागलेत आणि मला हेच सगळ्यात आवडलं, कारण माणूस मुळातच स्वार्थी, तो कधी सुधारायचा नाही असं पर्यावरणवालेच किती वेळा बोलतात. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञाने तेच मांडलं होतं, कुरण सगळ्यांचं असलं की जो तो आपली गुरं वाढवत जाणार आणि कुरणाची वाट लागणार. पण एलिनॉर ऑस्ट्रॉमने ठिकठिकाणची कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी अभ्यासून दाखवलं की लोक आपसात नियम ठरवतात आणि पाळतातही, २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तिला. मला तिचंच पटतं. सोय नीट करून द्या, लोक करतात.

म्हणूनच त्या स्टिकरचा राग येतो. प्लॅस्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात असतात ते १ ते ७ सगळे आकडे छापून खाली लिहिलंय 'सर्व प्लॅस्टिक इथे टाका'. अहो, ती खूण १९८८ मध्ये प्लॅस्टिक उद्योगानेच आणली, ती फक्त प्लॅस्टिक कुठल्या जातीचं ते सांगते, रिसायकल होईल याची हमी देत नाही! १ म्हणजे पेट (PET) प्लॅस्टिकच्या, पाण्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्या, २ म्हणजे शाम्पूच्या वगैरे जाड बाटल्या, या दोन्ही बऱ्याच ठिकाणी घेतात. ७ म्हणजे नुसतं 'इतर'. आणि चिप्स वगैरेंच्या चकचकीत पाकिटांत तर प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं महाकठीण. २०१५ पर्यंत जगात जितका प्लॅस्टिक कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झालाय, मग लोकांनी मनापासून वेगळं केलेलं असं चुकीच्या माहितीने वाया का घालवायचं?

कागदाच्या कप्प्यावर पण पावतीचं चित्र आहे. गुळगुळीत पावतीवर नखाने ओरखडा मारून बघा, काळी रेघ उठली तर तो थर्मल पेपर, त्याला केमिकलचा थर असतो, तो रद्दीत नको.

बाकी बारीकसारीक म्हणजे ओल्याच्या बादलीचे कोपरे चौकोनी आहेत, तिथे पाणी साचून वास येतो, रोज धुवावीच लागते. अॅल्युमिनियमच्या कॅनना वेगळा कप्पा हवा होता, जुन्यापासून नवीन अॅल्युमिनियम करताना साधारण ९५ टक्के ऊर्जा वाचते.

डब्याला ४ स्टार, स्टिकरला १. कंपनीने कोरी स्टिकरं द्यावीत, म्हणजे आपल्या भागात कचरा नेणारे खरंच काय घेतात ते विचारून ज्याला त्याला लिहिता येईल. मी तरी सध्या मार्करनेच लिहिलंय.