कॅटलिना की मॅकिनॉ?
स्वतः विमान चालवत घरच्यांना फिरायला न्यायचं, तर अमेरिकेतली ही दोन बेटं. कॅलिफोर्नियातल्या कॅटलिनाची धावपट्टी १,६०० फूट उंचीवर, डोंगरमाथा सपाट करून बांधलेली. मधे उंचवटा असल्याने उतरल्यावर पुढचं टोक दिसतच नाही. पट्टी संपली की काय, म्हणून नवखा पायलट करकचून ब्रेक दाबतो. कड्यापाशी वारा विमान खाली खेचतो, ते वेगळंच. शिवाय बेटावरचं मुख्य गाव अ‍ॅव्हलॉन तिथून १० मैल दूर.

मिशिगनचं मॅकिनॉ त्यामानाने सोपं. पट्टी ३,५०० फुटांची. बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी, त्यामुळे विमानातून उतरून चक्क घोडागाडीत बसायचं! पोरं तिथेच खूश. किनाऱ्यालगतचा ८ मैलांचा रस्ता सायकलने होतो. हिवाळ्यात मात्र बरंचसं बंद असतं.

मुलं लहान असतील तर मॅकिनॉच. कॅटलिनाला आधी प्रशिक्षकाला शेजारी बसवून एक फेरी मारावी.