मधेच सोडून जाणाऱ्यांचं काय करायचं? एकास-एक ऑनलाइन लीग काही महिने खेळल्यावर

एकास-एक स्ट्रॅटेजी गेमच्या एका प्लॅटफॉर्मवर गेले काही महिने नियमित खेळतोय. आठ जणांच्या गटांची साखळी लीग, अधूनमधून स्विस पद्धतीची (दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावणारी) स्पर्धा आणि कायम चालू असलेली रेटिंगची शिडी, असा तिथला मामला. गेम छान आहे, सर्व्हर बऱ्यापैकी तग धरतो, मॅप ठीक. लिहायचंय ते माघारीबद्दल, कारण क्रमवारी कोण कसं खेळलं याइतकीच कोण मधेच गायब झालं यावर ठरते.

आमच्याच गटाचं घ्या. प्रत्येकाचे सात डाव. एक जण तीन खेळला, एक हरला, दोन जिंकला (त्यातला एक माझ्याविरुद्ध) आणि दिसेनासा झाला. उरलेल्या चौघांना सरळ पुढे चाल मिळाली. युनिट हलवायचीसुद्धा गरज नाही, पूर्ण गुण खात्यात. त्याच्याशी डोकेफोड करून हरलेल्या आम्हा दोघांच्या पदरी मात्र शून्य. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात एकाच गुणाचं अंतर राहिलं, आणि दुसऱ्याचा तो गुण फुकटातलाच होता.

बुद्धिबळात यावर तोडगा केव्हाच निघालाय. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमाप्रमाणे साखळी स्पर्धेत निम्म्याहून कमी डाव खेळून कुणी माघार घेतली, तर त्याचे निकाल तक्त्यात दिसतात, रेटिंगलाही धरतात, पण अंतिम गुणांत कुणाचेच मोजत नाहीत. निम्मे किंवा जास्त झाले असतील तर झालेले निकाल कायम, उरलेले डाव प्रतिस्पर्ध्यांना बहाल. आरडाओरडा झाल्यावर पुढच्या हंगामापासून इथेही हाच नियम आला. आता त्या गड्याला हरवलेला माणूस कुरकुरतो, कारण त्याचा घाम गाळून मिळवलेला गुण जातो. त्याचं दुःख खरं आहे, तरी एकाचं नुकसान चौघांच्या लॉटरीपेक्षा परवडलं.

स्विसमध्ये हा घोळ कमी. माघार घेतलेल्याला पुढच्या फेरीत जोडीच लावत नाहीत. संख्या विषम झाली तर एकाला बाय, म्हणजे त्या फेरीत प्रतिस्पर्धी नाही, बस. गोची टायब्रेकमध्ये होते, म्हणजे समान गुण असलेल्यांत वरचा कोण हे ठरवताना. त्यासाठीचा निकष बुखहोल्झ, म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज. पहिल्या फेरीतला तुमचा प्रतिस्पर्धी दुसऱ्या फेरीनंतर पळाला की त्याचे गुण तिथेच गोठतात आणि तुमची बेरीज विनाकारण लंगडी पडते. इथे सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळून बेरीज करतात, म्हणजे ‘कट १’. एक पळाला तर पुरतं. दोघे पळाले तर नशीब.

खरा राग आला तो रेटिंगवर. सुरुवातीला न खेळलेल्या डावाचंही रेटिंग मिळायचं. निकालावरून रेटिंग बदलणाऱ्या एलो पद्धतीचं गणित बघा: के, म्हणजे एका डावात रेटिंग जास्तीत जास्त किती हलेल तो आकडा, ३२ धरला तर समसमान खेळाडूला हरवून १६ गुण मिळतात, आणि ४०० गुणांनी वरचढ असलेल्याला हरवून २९. म्हणजे तगडा प्रतिस्पर्धी आलाच नाही तर बसल्या जागी २९! आता न झालेला डाव रेटिंगला धरत नाहीत. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर पळपुट्यांचं फावलं असतं. राजधानी पडायला आली की वायर काढायची आणि रेटिंग वाचवायचं. म्हणून दोघांनी पहिली चाल केली की डाव धरला जातो, मग सोडून जाणं म्हणजे हार. रेषा अगदी योग्य जागी ओढली आहे.

नेट जाणं आणि पळणं यांत फरक असतोच. परत जोडून घ्यायला पूर्ण डावात मिळून दोन मिनिटं मिळतात, दर वेळी नव्याने नाही. दर वेळी मिळत होती तेव्हा काही महाभाग अडचणीच्या प्रत्येक वळणावर ‘नेट गेलं’ म्हणून विचार करून यायचे.

शिडीवर मात्र ग्लिको-२ ही रेटिंग पद्धत वापरतात. मार्क ग्लिकमन यांच्या या पद्धतीत रेटिंगसोबत त्याची अनिश्चितताही मोजतात. खेळाडू बरेच दिवस फिरकला नाही तर रेटिंग तसंच राहतं, अनिश्चितता वाढते. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ती ठराविक मर्यादेपलीकडे गेली की खेळाडू क्रमवारीत दिसत नाही. आमच्याकडे ही मर्यादाच नाही. त्यामुळे वरच्या पानावर असे काही बसलेत की ज्यांना हल्ली कुणी खेळताना पाहिलेलं नाही, आणि खालून चढणारा त्यांना गाठणार कसा, ते तर डावच लावत नाहीत. त्यांचे गुण कापा असं मी म्हणत नाही, गुण त्यांनी कमावलेत. यादीतून तात्पुरते बाजूला ठेवा, परत खेळले की आणा.

सध्या सर्वांत उपयोगी निघालेली गोष्ट किरकोळ आहे: प्रत्येक फेरीआधी हजेरीचं बटण. दाबलं नाही तर जोडीच लागत नाही. साखळीत याचा उपयोग नाही, तिथे जोड्या आधीच ठरलेल्या. म्हणून नव्याने येणाऱ्याने आधी स्विस खेळून बघावी, आणि लीगमध्ये नाव घालताना गटातल्या बाकीच्यांचे अर्धवट सोडलेले डाव प्रोफाइलवर पाहून घ्यावेत. तो आकडा तिथे सगळ्यांना दिसतो.