ट्रायकोकार्ड: डाळिंबावर दोन बहार वापरलं, ५ पैकी ४ स्टार

भगवा जातीच्या डाळिंबाचा दीड एकराचा प्लॉट आहे माझा. फळ बाहेरून लालबुंद, हातात घेतलं की बारीक भोक, भोकाशी विष्ठा आणि तो घाण वास, ज्याचं नुकसान झालंय त्यालाच माहीत. अळी एकदा आत शिरली की वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत औषध पोचतच नाही, म्हणून कार्डाकडे वळलो.

नवीन लोकांसाठी सांगतो, कार्ड म्हणजे जाडसर कागदावर धान्यातल्या पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली आणि त्यातल्या बहुतेक अंड्यांत ट्रायकोग्रामा वाढत असतो. ही गांधीलमाशीच्याच जातकुळीतली पण जेमतेम अर्धा मिलिमीटर, माणसाला चावत नाही काही नाही. कार्डातून निघाली की मादी कळीवर, फळाच्या पाकळीपाशी या अळीच्या फुलपाखरानं घातलेलं अंडं शोधते, आधी त्याच्यावर फिरून मिशांनी ठोकून बघते आणि मग आत आपलं अंडं सोडते. तिचं पिल्लू आतलं सगळं खाऊन टाकतं, तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं आणि ८-१० दिवसांनी अळीच्या जागी नवी माशीच भोक पाडून बाहेर येते! मी भिंग घेऊन अशी काळी अंडी स्वतः बघितलीत, खरं सांगतो त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बागेत नेऊन दाखवली.

पहिल्या बहाराला मात्र पैसे वाया गेले. ऑनलाइन मागवली, कुरिअर चार दिवस उशिरा आलं, पाकीट उघडलं तर माश्या आतच निघून मरून पडलेल्या, काळी धूळ असावी तशा. विकणाऱ्यानं हात वर केले. पाकिटावर माश्या निघायची तारीखच नव्हती, हे मला फार लागलं कारण ही जिवंत वस्तू आहे, खताची गोणी नाही.

दुसऱ्या वेळी जवळच्या लॅबमधून तारीख बघून स्वतः आणली, थर्मासच्या डब्यात. एकरी ५ कार्डं, कळी निघाल्यापासून दर १० दिवसांनी, चार वेळा. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल केल्या, कडक उन्हात लावू नका आणि मुंग्या असलेल्या झाडावर तर नकोच, एका ओळीतली अंडी मुंग्यांनी साफ केली माझी. लगेच लावायचं नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. आणि कार्ड असताना कीटकनाशक मारलं तर आधी या माश्याच मरतात, त्यामुळे फुलकिड्यांची फवारणी मी पुढं-मागं केली.

पोखरलेली फळं यंदा खूप कमी निघाली, पूर्ण बंद नाही. आत गेलेल्या अळीला हे काही करत नाही, त्यामुळे किडकी फळं वेचून पुरायचं काम सुटत नाही. एक स्टार कापला तो तारखेसाठी, मागवताना माश्या कोणत्या दिवशी निघणार ते फोनवर विचारा आणि सांगता येत नसेल तर घेऊ नका.